भरलेली बाटली घरी येते तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात दरवर्षी दोन गोष्टी छापून येतात. शाळा सकाळच्या भरणार की नाही ही एक, आणि मुलांना भरपूर पाणी पाजा ही दुसरी. दोन्ही बरोबर आहेत. पण पाणी प्यायलेल्या मुलाने शाळेत शूला जायचं कुठे, हे काही वाचायला मिळत नाही. गेल्या वर्षभरात माझ्या नातीच्या बाबतीत जे घडलं त्याचं मूळ नेमकं तिथेच निघालं, म्हणून हे पत्र. पत्र लांबलं आहे. कापावं लागलं तर कापा, फक्त शाळेच्या संडासाबद्दल लिहिलं आहे तेवढं ठेवा.

मी बार्शीची. तालुक्यातल्या एका गावात २९ वर्षं अंगणवाडी सेविका होते. तीन ते सहा वर्षांची पोरं म्हणजे माझं आयुष्य. त्यांची वजनं केली, खिचडी भरवली, नाकं पुसली, शी धुतली. असं असूनही घरातल्या पोरीचं दुखणं मला चार महिने कळलं नाही. तेव्हा ज्या आईबापांना हे सगळं नवीन आहे त्यांच्या लक्षात कसं यावं?

नात साडेचार वर्षांची, लहान गटात जाते. शाळा नऊ ते साडेबारा, पण व्हॅन सव्वाआठला दारात येते आणि पोरगी घरी टेकते ती एक वाजून गेल्यावर. म्हणजे पाच तास झाले. सूनबाई रोज अर्ध्या लिटरची स्टीलची बाटली भरून देते. ऑगस्टपासून ती बाटली जशीच्या तशी परत यायला लागली. दप्तर उतरवून घेताना मी बाटली हलवून बघायची. अर्धी असली की आत पाणी डुचमळतं. काठोकाठ भरलेली असली की आवाजच येत नाही. रोज आवाज येईना. विचारलं तर "प्यायले ना" म्हणायची. आम्हाला वाटलं, शाळेतल्या टाकीचं पीत असेल.

घरी आली की दप्तर टाकून सरळ मोरीकडे पळायची. कधी उंबऱ्यातच चड्डी ओली व्हायची. शूचा रंग करडईच्या तेलासारखा पिवळाजर्द, आणि वास उग्र. हे सगळं मी बघत होते. बघितलेल्याची सांगड मात्र घालत नव्हते.

मग सुरू झालं कोठीमागे उभं राहणं. आमच्याकडे ज्वारीची पत्र्याची कोठी आहे, तिच्या आणि भिंतीच्या मध्ये पोर मावेल एवढी जागा आहे. जेवण झालं की ही गुपचूप तिथे जायची. टाचा उचललेल्या, मांड्या एकमेकींवर आवळलेल्या, एका हाताने कोठीची कड घट्ट धरलेली, तोंड लालबुंद, कपाळावर घाम. दोन-तीन मिनिटं अशी थरथरत उभी राहायची, मग अंग सैल सोडून पुन्हा खेळायला पळायची. मला वाटायचं, बिचारी कुंथतेय, पण होत नाहीये. उचलून संडासात नेली की गळा काढायची. चार-चार, पाच-पाच दिवस शी नाही. आणि व्हायची तेव्हा इतकी जाड, इतकी कडक की मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं. एकदा वर रक्ताचा थेंब दिसला.

दिवाळीनंतर चड्डीला डाग पडायला लागले. पातळ, दिवसातून तीन-चारदा. मी म्हटलं, पोट बिघडलं. भाजी बंद केली, साबुदाण्याची पेज आणि मऊ भात सुरू केला. आणि एक दिवस रागाच्या भरात बोलून गेले, "घोडी झालीस, अजून चड्डीत करतेस?" तिने मान खाली घातली आणि स्वतःच चड्डी काढून बादलीत टाकायला गेली. हे लिहिताना आजही माझा हात अडखळतो.

शेवटी ताप आला आणि शू करताना "आग होते" म्हणाली, तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी तिला झोपवून पोट चाचपलं आणि माझा हात धरून तिच्या बेंबीखाली, डाव्या बाजूला ठेवला. "आजी, लागतंय का काही?" लागत होतं. कातडीखाली लिंबाएवढा कडक गोळा, त्याच्या वर अजून एक. नखाएवढंही अंग नसलेल्या त्या पोरीच्या पोटात हे किती दिवस होतं कुणास ठाऊक.

डॉक्टरांनी मला समजावलं ते माझ्या भाषेत लिहिते. पोर कुंथत नव्हती. उलट येणारी शी ती आत ओढून धरत होती. मोठं आतडं शीमधलं पाणी शोषून घेतं, ते त्याचं कामच आहे. शी जितका वेळ आत राहील तितकी ती सुकत जाते, घट्ट होते. घट्ट झाली की बाहेर येताना दुखतं, कधी कातडी चिरते. एकदा दुखलं की पोर पुढच्या वेळी घाबरून धरून ठेवतं. धरलं की आणखी सुकते. हा फेरा एकदा सुरू झाला की आपोआप थांबत नाही. साचून साचून आतड्याचं शेवटचं टोक ताणलं जातं, आणि ताणलेल्या आतड्याला "आता जायला हवं" ही जाणीवच नीट होत नाही. मग वरची पातळ शी त्या खड्यांच्या कडेने झिरपून खाली येते. मी जुलाब समजले ते हे झिरपणं होतं. पोरीला ते कळतही नव्हतं, मग आवरणार कसं? आणि मी भाजी बंद करून पेजेवर ठेवली, म्हणजे खड्याला खडा जोडला.

शूचंही तेच. मूत्राशय आतड्याच्या अगदी शेजारी असतं. आतडं भरून फुगलं की त्याच्यावर दाब येतो, ते पूर्ण रिकामं होत नाही, थोडी शू आत राहते. त्यातच पाणी कमी प्यायलं की शू घट्ट होते, कमी वेळा होते, आणि जंतूंना वाढायला सवड मिळते. नातीच्या लघवीच्या तपासणीत संसर्ग निघाला, औषध पूर्ण घ्यावं लागलं. अंथरूण ओलं होणंही पुष्कळदा याच कारणाने असतं, असं डॉक्टर म्हणाले. आपण रात्रीचं पाणी तोडतो आणि सकाळी पोराला रागावतो, पोट कुणी बघत नाही.

आता मुख्य गोष्ट. तिने पहिल्यांदा धरून ठेवलं ते का?

आम्ही विचारून विचारून थकलो, ती काही सांगेना. एका रविवारी ती बाहुल्यांशी शाळा-शाळा खेळत होती. मी शेंगा फोडत बसले होते. चार बाहुल्या ओळीत, ही टीचर. एका बाहुलीला उभं केलं आणि बोट नाचवत म्हणाली, "आत्ता नाही. डब्याच्या सुट्टीत. किती वेळा जातेस गं तू?" मग दुसऱ्या बाहुलीच्या कानात हळूच सांगितलं, "पाणी पिऊ नको म्हणजे येत नाही."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. साडेचार वर्षांच्या पोरीने स्वतःची वाट स्वतः शोधून काढली होती. शू टाळायची तर पाणी टाळायचं.

दुसऱ्या दिवशी सूनबाई आणि मी शाळेत गेलो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनी आमचं ऐकून घेतलं, आणि मला खात्री आहे की गावोगावच्या बऱ्याच शाळांत हेच चित्र असेल. मी संडास बघायला मागितला. पॅसेजच्या टोकाला दोन. दोन्हींत मोठ्या माणसांचे कमोड. माझ्या नातीला त्यावर बसवलं तर पाय हवेत लोंबतात आणि दोन्ही हात कडेला टेकवून धरावं लागतं, नाहीतर आत पडेल. फरशी ओली, बूट घसरतात. दिव्याचं बटण माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. दाराची कडी घट्ट, एकदा लागली की पोराच्या बोटांनी उघडत नाही. नात एकदा आत अडकली होती आणि रडून रडून थकल्यावर मावशींनी सोडवली होती. ते घरी कुणी सांगितलं नाही, तिनेही नाही.

मी मॅडमना तिथेच तोंडी गणित मांडून दाखवलं. मुलं ८०, संडास दोन, सुट्टी दहा मिनिटांची. एका संडासाला ४० मुलं, दहा मिनिटांचे ६०० सेकंद. एका पोराच्या वाट्याला १५ सेकंद आले. तेवढ्यात त्यांच्या चड्डीचा हूकही निघत नाही. आणि डबाही त्याच सुट्टीत खायचा.

वर्गाच्या बाईंचा मला राग नाही. त्यांच्याकडे एकटीला पस्तीस मुलं. एकाने हात वर केला की दहा जणांना लागते, हे मी २९ वर्षं अनुभवलं आहे. त्यातली सात-आठ खरंच लागली म्हणून उठलेली नसतात. पण कुणाला खरी लागली आणि कुणाला नाही हे ठरवणं आपल्या हातात नाही, म्हणून सगळ्यांना जाऊ द्यायचं असतं. पाच वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १८० मिलिलिटर मावतं, म्हणजे एक फुलपात्रभर. ते भरल्यावर "थांब" म्हणण्यात अर्थ नाही. थांबायची सवय लागली तर ती चांगली सवय नव्हे.

शाळेने जे केलं तेही सांगते, म्हणजे बाकीच्यांना उपयोगी पडेल. दोन्ही कमोडवर लहान मुलांची वेगळी सीट बसवली. पायाखाली ठेवायला प्लास्टिकची दोन बुटकी स्टुलं आणली, पाय टेकले आणि गुडघे कमरेच्या जरा वर आले की शी सहज उतरते. आपल्या जुन्या भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसलं की हे आपोआपच होत होतं. कडी काढून टाकली, दार नुसतं लोटायचं. दिवा सकाळपासून चालू ठेवतात. फरशी पुसायला मावशींना वेळ बांधून दिली. सगळं मिळून हजार रुपयेसुद्धा लागले नाहीत. आणि शूची सुट्टी डब्याच्या सुट्टीतून वेगळी काढली. साडेनऊ, पावणेअकरा आणि निघताना बारा वीसला, सहा-सहा मुलं मावशींबरोबर. मधे लागलं तर विचारायचं नाही, पाटीजवळ ठेवलेला लाल रुमाल बाईंच्या टेबलावर ठेवायचा आणि जायचं. त्या मावशींचं मला फार कौतुक वाटतं. पहिल्या आठवड्यात त्या माझ्या नातीबरोबर दारात उभ्या राहून गाणं म्हणायच्या, म्हणजे तिला कळावं की बाहेर कुणीतरी आहे.

केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी दिवसातून ठरावीक वेळा घंटा वाजवायला सुरुवात केली, वॉटर बेल म्हणतात तिला. पुढे इतर राज्यांनीही ती घेतली. फार चांगली कल्पना आहे. घंटा झाली की सगळे एकदम पितात, म्हणून कुणाला लाज वाटत नाही. पण मला राहून राहून वाटतं, पाण्याच्या घंटेनंतर अर्ध्या-पाऊण तासाने शूचीही घंटा हवी. नाहीतर माझ्या नातीसारखी पोरं घंटा झाली की बाटली तोंडाला लावतील आणि घोट न घेता खाली ठेवतील. तिने तसं केलं होतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित, पुरेसं पाणी बंधनकारक आहे. पण तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा. गल्लोगल्ली तीन-चार खोल्यांत भरणारे लहान गट, मोठे गट त्याच्या आधीच्या वयाचे. ज्यांना स्वतःची चड्डी सोडता येत नाही त्यांच्याकरता कुणी काय मोजायचं, हे पालकांनीच बघावं लागतं. आणि कायद्याच्या शाळांतही संडास आहे एवढंच मोजलं जातं. पोराचा पाय जमिनीला लागतो का, आत पाणी आहे का, दाराला कुलूप तर नाही ना, हे बघायला आत शिरावं लागतं.

अंगणवाडीत आमच्याकडे तरी काय होतं? पहिली बारा वर्षं माझी अंगणवाडी देवळाच्या ओवरीत भरायची. संडास नव्हता. पोरांना मागच्या बाभळीकडे नेत होते. पाणी हापशाचं, मदतनीस ताई कळशीने आणायच्या. पण एक केलं. खिचडीच्या आधी आणि नंतर ओळ लावून आधी शू, मग हात, मग प्रत्येकाच्या हातात अर्धा पेला पाणी, माझ्यादेखत संपवायचा. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. टँकरच्या दिवसांत घरी आया पोरांना पाणी मोजून द्यायच्या हे दिसत होतं, म्हणून सुरू केलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. आमच्याकडेही त्या उन्हाळ्यात हंड्याला हंडा लागलेला. तेव्हा ओळीतली निम्मी पोरं सकाळी आल्या आल्या पाणी मागायची.

आम्हाला प्रशिक्षणात जुलाबाचं पुष्कळ शिकवलं. एक पाकीट ओआरएस पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या पेल्यात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सोबत १४ दिवस झिंकच्या गोळ्या. १९७१ मध्ये बांगलादेशच्या लढाईच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि कॉलऱ्याच्या साथीत हजारो माणसं वाचली, हे आमच्या बाईंनी इतकं रंगवून सांगितलं होतं की मी ते दर पालक सभेत सांगायची. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं तेव्हा मला घरचं कुणी गौरवल्यासारखं वाटलं. (दुकानात गोड सरबतांच्या डब्यांवरही ओआरएस लिहिलेलं असायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला बंदी घातली. तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आहे का, हे वाचूनच घ्या.)

पण इतकं शिकवून खड्याबद्दल, शी न होण्याबद्दल एक ओळही कुणी शिकवली नाही. जुलाबाने पोर दगावतं, म्हणून त्याची भीती. शी धरून ठेवणारं पोर दगावत नाही, ते गुपचूप कोठीमागे उभं राहतं.

डॉक्टरांनी आम्हाला काय करायला लावलं ते सांगते, औषधाचं मात्र ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. एक पावडर पाण्यात मिसळून रोज रात्री द्यायची होती. नुसतं पाणी वाढवून साचलेला खडा निघत नाही, आधी तो औषधाने मऊ करून काढावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. तीन आठवड्यांत शी रोज व्हायला लागली, तशी मी पावडर बंद केली. म्हटलं, पोराला औषधाची सवय नको. दहा दिवसांत पुन्हा कोठीमागे. तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आजी, रबर महिनोन्‌महिने ताणून ठेवलं तर एका दिवसात आखडतं का? आतड्यालाही महिने लागतील. शी सुरळीत झाल्यावरही औषध चालू ठेवायचं आणि मी सांगेन तसं कमी करायचं." त्यानंतर मी एक दिवसही चुकवली नाही. आणि एक हात जोडून विनंती. साबणाची कांडी, विड्याच्या पानाचा देठ घालून शी काढायचे प्रकार आजही होतात. मीही माझ्या मुलावर केले होते. त्याने कातडी दुखावते आणि पोराची भीती दुप्पट होते. करू नका.

दूध कमी करायला सांगितलं, हे ऐकून तर घरात सगळे गप्प झाले. तिला दिवसाला चार-चार पेले दूध जायचं, जेवली नाही तर "निदान दूध तरी" म्हणून. दुधाने पोट भरतं, मग भाकरी-भाजीला जागा राहत नाही, आणि दुधात चोथा काहीच नाही. आता दोन कप. त्याच्या जागी ज्वारीची भाकरी पातळ वरणात कुस्करून, पालेभाजीचं गरगट, पेरू, पपई, रात्री भिजवलेले पाच-सहा काळे मनुके. उन्हात ताक. चहाबरोबरची मैद्याची बिस्किटं आणि टोस्ट घरात आणणंच बंद केलं.

पाण्याचा हिशेब डॉक्टरांनी असा दिला. या वयाच्या मुलाला दूध, ताक सगळं धरून दिवसाला सव्वा ते दीड लिटर लागतं, आणि आमच्या सोलापूर जिल्ह्यात पारा ४० च्या वर गेला की आणखी. पण पेले मोजत बसायची गरज नाही. शू फिकट पिवळी असली आणि दिवसातून पाच-सहा वेळा होत असली की पुरतंय. गडद झाली की कमी पडतंय. हे आईला सकाळी मोरीत उभं राहून कळतं, यंत्र लागत नाही. एकदम पेलाभर बळजबरीने पाजू नये, मूल पाण्यालाच वैतागतं. आम्ही माठाशेजारी तिच्या हाताला येईल असा तिचा छोटा पितळी पेला ठेवला. उठल्यावर, खेळून आल्यावर, जेवताना ती स्वतःच बुडवून घेते. निम्मं सांडतं, सांडू द्यावं.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर मात्र यातलं काही नाही. मेमध्येसुद्धा वरचं पाणी नको, गुटी नको, मध नको. आईच्या दुधात शंभरात ८७-८८ भाग पाणीच असतं. पाणी आईला पाजा. घरोघरी जाऊन हे मी शेकडो सुनांना सांगितलं, आणि खरं म्हणजे सांगायचं त्यांच्या सासवांना असतं.

बसायची वेळ. पोटात अन्न पडलं की आतडं हलायला लागतं, म्हणून सकाळच्या खाण्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच ते दहा मिनिटं. पायाखाली पाट. मी बाहेर नुसती बसून असते, हातात मोबाइल देत नाही, "झाली का, झाली का" विचारत नाही. पहिले काही दिवस मी तिला फुगा फुगवायला द्यायची, त्याने पोटावर आपोआप जोर येतो. झाली तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ती स्वतः लाल टिंब काढते. नाही झाली तर काही बोलायचं नाही. धुवायचं पुढून मागे, मुलींना हे लहानपणीच शिकवावं. फार लवकर, दीड वर्षाच्या आत, पोराला भांड्यावर जबरदस्तीने बसवण्यानेही धरून ठेवायची सवय लागते. दोन-अडीच वर्षांचं झालं, स्वतः सांगायला लागलं की पुरे. शेजारचं पोर दीडाव्या वर्षी सांगतं म्हणून आपल्याला घाई नको.

शीमध्ये वारंवार रक्त, पोट फुगणं, उलट्या, वजन न वाढणं, किंवा जन्मापासूनच शी कडक असणं, यातलं काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. शूला आग आणि ताप असेल तर त्याच दिवशी.

आपण मोठी माणसंही पोरांना हेच शिकवत असतो, हे मला या निमित्ताने जाणवलं. एसटीत बसायच्या आधी "पाणी पिऊ नको, वाटेत शू लागेल" हे वाक्य मी स्वतः किती वेळा बोलले असेन. स्टँडवरच्या मुतारीची अवस्था बघून बायका स्वतःही दिवसदिवस पाणी पीत नाहीत. मोठ्या मुली शाळेत जाताना मुद्दाम अर्धा पेलाच पिऊन निघतात, कारण शाळेतल्या संडासाला पाणी नसतं. आईने केलं ते मुलगी करते. आता आम्ही प्रवासाला निघालो की मी आधी तिला पाणी देते आणि कुर्डुवाडीला कुठे थांबायचं ते ठरवून ठेवते.

नातीच्या दिनदर्शिकेवर फेब्रुवारीत सतरा टिंबं होती, मार्चमध्ये सव्वीस. कोठीमागे ती अजून अधूनमधून जाते, पण आता मला हाक मारते.

हे पत्र जूनच्या आधी छापलंत तर फार उपकार होतील, कारण प्रवेशासाठी आईबाप आत्ता शाळा बघत फिरत आहेत. ते वर्ग बघतात, फळा बघतात, स्मार्ट बोर्ड बघतात, फी विचारतात. त्यांनी आपलं पोर बरोबर न्यावं, शाळेचा संडास उघडून मागावा आणि पोराला त्यावर प्रत्यक्ष बसवून बघावं. पाय टेकतात का, दार उघडतं का, नळाला पाणी आहे का. आणि बाईंना एवढंच विचारावं, की तासाच्या मधे लागली तर तुम्ही काय म्हणता.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
बार्शी, जि. सोलापूर